अकरा मिनिटांत आलेलं उत्तर

“काका, हे तर त्याच दिवशीचं हाय!” तेजस्विनीचं बोट संगणकाच्या काचेवर टेकलं आणि तिथंच राहिलं.

धोंडीरामने चष्मा पुसून पुन्हा वाचलं. पंधरा दिवसांपूर्वी अर्ज पाठवला अकरा वाजून पाच मिनिटांनी, उत्तर अकरा वाजून सोळा मिनिटांनी.

तीस वर्षं तहसील कचेरीबाहेर टाइपरायटरवर लोकांचे अर्ज लिहून आता त्याने पंचवटीत टायपिंगचं दुकान थाटलं होतं. दोन हजार चारमध्ये इंटरनेटही घेतलं. चांदवडची तेजस्विनी नाशकात बी.एस्सी. करत होती. साठवलेला कांदा का सडतो, यावर पुण्याचे एक प्राध्यापक काम करत. उन्हाळ्याचे दोन महिने त्यांच्या प्रयोगशाळेत शिकायला मिळावं म्हणून तिला ईमेल पाठवायचा होता. स्वतःचा पत्ता नव्हता, म्हणून धोंडीरामने दुकानाचाच दिला. खेड्यातल्या लोकांची उत्तरं पूर्वीही त्याच्याच पत्त्यावर येत.

“पंधरा दिवस इकडं फिरकू नको,” त्याने बजावलं होतं. “अर्ज हाय तो, चहा नाय लगेच यायला.”

आणि स्वतःही ईमेलची टपालपेटी उघडली नव्हती. कशाला उघडेल? त्यानेच लिहिलेल्या कुसाबाईच्या पेन्शनच्या अर्जाचं उत्तर आलं, तेव्हा तिचं वर्षश्राद्ध होऊन गेलं होतं. अनुभव म्हणजे काय थोडाथोडका होता!

प्राध्यापकांनी लिहिलं होतं: अर्जातला तुमचा प्रश्न आवडला, गुरुवारपर्यंत होकार कळवा. त्याखाली शुक्रवारचं दुसरं पत्र: आपलं उत्तर नाही, जागा दुसऱ्याला देत आहोत.

“तुम्हीच म्हणले होते ना...” तेजस्विनी एवढंच बोलली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

“पोरी, इतक्या लवकर कुणी उत्तर देतं, हे मला ठाऊकच नव्हतं गं.” साठीच्या माणसाला भलत्याच गोष्टीची लाज वाटली. आपण आयुष्यभर लोकांना नुसतं थांबायला शिकवलं, असं त्याला वाटलं.

त्याने कळफलक ओढला. ‘सविनय’, ‘कृपाभिलाषी’, काहीच सुचेना. इंग्रजी अक्षरांत त्याने सरळ मराठी लिहिलं: मुलीची चूक नाही. उत्तर मी उघडलं नाही. पुढच्या वर्षी तरी तिला बोलवा. खाली स्वतःचं नाव घातलं. हजारो अर्ज लिहिले, पण त्याचं नाव आजवर एकाही अर्जाखाली आलं नव्हतं.

पत्र गेलं. तेजस्विनीने पिशवी उचलली.

“परत कधी येऊ?”

“जाऊ नको,” तो म्हणाला आणि स्टूल पुढे सरकवलं. “बस.”

दारात दोन गिऱ्हाइकं झेरॉक्ससाठी खोळंबली होती. धोंडीरामने त्यांना हातानेच थांबवलं, भिंतीवरचं घड्याळ पाहिलं आणि तो टपालपेटी उघडून संगणकासमोर बसून राहिला.