दोन्ही बाकं एकाच बाजूला

इस्पितळात आल्यावर डोक्यावरची टोपी काढावी, एवढं तरी प्रुइटला त्याच्या आईने शिकवायला हवं होतं. दाराशी उभा होता, कॉलेजची टोपी तशीच, नजर फरशीवर. टेरिलला आपल्या संघात न्यायला आला तेव्हा हाच प्रशिक्षक माझ्या स्वयंपाकघरात बसून तळलेला मासा मागून मागून खात होता. "मिस ओझेल, तुमचा नातू म्हणजे माझाच मुलगा," म्हणाला. मी भुलले.

त्या दिवशी हंगाम संपल्यावरचा मानाचा सामना होता. खेळ अमेरिकन फुटबॉलचा, पण भरवला बेसबॉलच्या स्टेडियममध्ये, उत्तरेच्या गारठ्यात. इतर ठिकाणी दोन संघ समोरासमोर बसतात. इथे एका अंगाला भिंत इतकी जवळ, की बाक मांडायला जागा नाही. म्हणून दोन्ही संघांची बाकं एकाच बाजूला, शेजारी शेजारी.

टेरिल चेंडू छातीशी धरून पळत होता. दोघांनी त्याला आडवा केला. हेल्मेटवर हेल्मेट आपटल्याचा आवाज वर आम्ही बसलो होतो तिथपर्यंत आला. तो उठला, लोकांनी टाळ्या पिटल्या. मग चालत गेला आणि बसला तो थेट विरुद्ध संघाच्या बाकावर.

"अरे, पोराने संघच बदलला की!" मागून कोणी ओरडलं. सगळे हसले. माझी लेक व्हर्नेल, त्याची आई, तीही हसली.

"आई, सगळेच चुकतायत आज. जागाच तसली आहे."

"तो काय करतोय ते बघ."

"काय करतोय?"

"बुटाच्या नाड्या सोडतोय."

माझ्या ओट्यावर चिखलाचे बूट घालून कोणी चढत नाही. टेरिल लहानपणापासून पायरीवर बसून नाड्या सोडतो. पोरगं त्याच्या मनाने घरी पोचलं होतं. व्हर्नेलचं हसू गेलं.

मी कठड्यापर्यंत उतरले, गुडघ्यांना न विचारता. "प्रुइट! त्याला खेळायला पाठवू नको! त्याचे बूट बघ!"

त्याने वर पाहिलं, मला ओळखलं, हातसुद्धा हलवला. मग टेरिलचा दंड धरून हसत म्हणाला, "आपलं बाक ते, राजा," आणि वाकून स्वतःच्या हाताने त्याच्या नाड्या बांधल्या. त्याचा आवाज ऐकला की टेरिल उभा राहतो. राहिला.

पुढच्या टकरीनंतर मात्र उठला नाही.

डॉक्टर म्हणाले, मेंदूला सूज आहे. शुद्ध येईल की नाही, सांगता येत नाही. आलीच, तर त्याला अजिबात हलू द्यायचं नाही.

"मिस ओझेल," प्रुइट म्हणाला. आता कुठे टोपी हातात आली होती. "एकदाच आत जाऊ द्या. दोन शब्द बोलतो. माझा आवाज त्याला कळेल."

"कळेल, म्हणूनच नाही. तुझा आवाज ऐकला तर तो उठायला बघेल. टोपी घाल आणि नीघ, प्रुइट. त्याचे बूट मी काढलेत. परत बांधायला या दाराशी यायचं नाही."