सहा इंचांची पट्टी

"खाजवायचं न्हाई, बोलायचं न्हाई. बुजगावण्याला बी वाऱ्यानं हलायची मुभा असती," छातीवर तारा चिकटवून बसलेले आमचे हे माझ्या कानाशी पुटपुटले.

"काका, हलू नका ना," हर्षाली म्हणाली.

हर्षाली माझ्या दिरांची लेक, दोन हजार तीन साली पुण्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. आमच्या राजुरीतून हृदयाचा आलेख फोनच्या तारेवरून पुण्याच्या डॉक्टरला धाडायचा, तर आधी तो दाबून लहान करावा लागतो. दाबायच्या तीन पद्धती. त्यांतली कुठली बरी, हे ठरवायचा तिचा प्रोजेक्ट. नमुन्याला काका फुकट मिळाले.

पुढच्या रविवारी तिनं छापलेले कागद पलंगावर यांच्या शेजारी पसरले.

"काकू, पहिली पद्धत जिंकली. आलेख दहापट लहान होतो, आणि सरासरी चूकही सगळ्यात कमी. पण तू रोज ईसीजी बघतेस, जरा नजर टाक."

रोज बघते म्हणजे, अकरा वर्षं दवाखान्यात त्या पट्ट्या केसपेपरवर चिकटवते. शिकवलं कुणी नाही. डॉक्टरांचं डोकं खाऊन खाऊन कळलं. प्रत्येक ठोक्याला आधी छोटा उंचवटा, मग उंच सुळका, मग टेकाड.

पहिली पद्धत देखणी होती. बारीकसारीक सगळं सरळ रेघेत बसवलेलं. मूळ कागदावर बोट फिरवत गेले आणि एका जागी अडले. छोटा उंचवटा होता, पण त्याच्यामागं सुळकाच नव्हता. पुढं आणखी एकदा तसंच. पहिल्या पद्धतीत तिथं नुसती सपाट रेघ. तिसरीत मात्र उंचवटा जसाच्या तसा.

"अगं, हिनं उंचवटाच खाल्ला," मी म्हटलं. "हृदयाचा वरचा कप्पा हाक मारतोय, खालच्याकडून ओ येत नाही. तुझ्या पहिल्या पद्धतीत हाकच ऐकू येत नाही बघ."

हर्षालीनं दोन्ही कागद शेजारी धरले. "सरासरीत हे दिसलंच नाही गं."

"मलाही कुठं दिसलं?"

गेल्या चैत्रात छातीत जळजळतं म्हणून यांची पट्टी निघाली होती, हातभर लांब. केसपेपरवर जागा सहा इंचांची. नेहमीसारखा मी नीटनेटका तुकडा निवडून कापला, उरलेली पट्टी टोपलीत टाकली. संध्याकाळी आल्यावर डॉक्टरांनी तेवढाच तुकडा पाहिला आणि ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या.

"मग आता?" हर्षालीचा आवाज बारीक झाला.

"आता पुणं. छातीत छोटं यंत्र बसवतात. आपल्या दवाखान्यातले दोघं पेशंट बसवून आलेत, दोघंही शेतात राबतात. फक्त काय काय होतं ते डॉक्टरला खरं सांगावं लागतं."

शेवटचं वाक्य मी कागदाकडं बघत म्हटलं. आमचे हे पारगावच्या कारखान्याजवळ सायकलवरून पडले, तेव्हापासून आमच्या घरात एकच उत्तर होतं, वाळूवर चाक घसरलं. दीर तेच सांगत, मीही तेच.

हर्षालीनं पेन काढून पहिल्या पद्धतीवर काट मारली. यांनी ती काट बराच वेळ पाहिली. सदऱ्याचं वरचं बटण लावलं, पुन्हा काढलं.

"चाक न्हाई घसरलं," हे म्हणाले. "डोळ्यांपुढं अंधार आला व्हता. आन् ती तिसरी येळ व्हती."