पाण्यानं निघेल

लाल रंगाची बाटली, बोटाएवढी.

खारीच्या केसांचा ब्रश. केस उरलेत तीन.

नारिंगाच्या फुलांचा पांढरा, जड वास.

डोंगरापलीकडून न आलेलं पत्र.

एका बाईची दुसरी हनुवटी.

आणि हौदातलं पाणी, ज्यात आज ऊन पाय सोडून बसलं आहे.

हे इराणमधलं शिराज. हे निळ्या फरशीचं अंगण. वसंताची दुपार इथे उतरते ती फुलांवरून, भिंतीवरून, मग अलगद पाण्यावर.

तिथे रोशनकने तिवईवर व्हिडिओचा कॅमेरा उभा केला आहे. हौदाकाठी तिची आई, ब्याऐंशी वर्षांची तूरान. तिच्या मांडीवर बिस्किटांचा पत्र्याचा डबा. डब्यात जुनी निगेटिव्हं, आणि प्रत्येक निगेटिव्हवर, केसांच्या जागी, लाल ढग.

"त्या यंत्राला सांग, हात दिसले तरी पुरे. माझ्या गळ्याच्या सुरकुत्यांवर प्रदर्शन भरवू नकोस."

"मामान, हातच दिसतायत."

हेच हात. तेव्हा ते तरुण होते, नवऱ्याच्या फोटो स्टुडिओत मागच्या खोलीत बसत, गालांवरचे देवीचे व्रण पुसत, डोळ्यांत टिंबाएवढी चमक ठेवत. मग नव्या सरकारचा हुकूम आला. बायकांनी केस झाकावेत; फोटोंतल्या बायकांनीही. स्टुडिओत एक माणूस येऊन सांगून गेला: उघड्या केसांची निगेटिव्हं जाळा, नाहीतर झाका.

नवऱ्याने शेगडी पेटवली. तूरानने लाल बाटली उघडली.

निगेटिव्हवर जे लाल, ते कागदावर पांढरं उमटतं. एकेका डोक्यावर तिने रुमाल चढवला. नवरीच्या डोक्यावर, नर्सच्या डोक्यावर, बाकावर बसलेल्या अकरा मैत्रिणींच्या डोक्यांवर. वाऱ्यात उडालेले, खांद्यावर सांडलेले, नुकतेच कुरळे करून आणलेले सगळे केस त्या लालीखाली निजले.

बायका बघायला येत. नानवाल्याची बायको बद्रोलमुलुक म्हणाली होती, "झाकतेच आहेस तर ही दुसरी हनुवटीही झाक, खानम. सरकारला तीही सोसायची नाही."

हसत. आणि दारात थबकून, हलकेच, प्रत्येक जण तेच विचारी.

"निघेल ना?"

"पाण्यानं निघेल."

रंगावर शेवटी वॉर्निशचा हात फिरवायचा, हा त्या कामाचा रिवाज. वॉर्निश बसलं की रंग कायमचा. तूरानने तो हात फिरवला नाही. तेवढंच तिचं बंड, न दिसणारं, न केलेल्या कामाचं.

आज ती एकेक निगेटिव्ह पाण्यात सोडते. लाली सुटते, धुरासारखी, रेशमाच्या धाग्यासारखी, आणि खालून केस वर येतात. निगेटिव्हमध्ये काळे केस उजेडाचे असतात. पाण्याखाली उजेडाची एक वेणी. उजेडाची एक बट. नवरी आली. नर्स आली. अकरा मैत्रिणी एकामागून एक आल्या. बद्रोलमुलुक आली, दुसऱ्या हनुवटीसकट, आणि तूरानच्या ओठांच्या कडेला जुनं हसू हललं.

डब्याच्या तळाशी मेहरी.

तूरानची धाकटी बहीण, भूमिती शिकवणारी. हुकूम आला तेव्हा शाळेतल्या बायकांबरोबर रस्त्यावर उतरलेली. मग नोकरी गेलेली. मग एका पहाटे तुर्कस्तानच्या डोंगरवाटेने निघालेली. पत्र आलं नाही. तिचा हा एकच फोटो उरला.

पाण्यात सोडली. लाली हलली नाही.

पुन्हा सोडली.

"मामान, हा निघत नाहीये."

एक पाकळी आली, तरंगली, काठाला लागली.

"मी वॉर्निश लावलं होतं."

"सगळ्यांना सोडून हिलाच?"

"निघाली होती ती. टिकावी म्हणून लावलं."

जिच्यावर सर्वांत जास्त माया, तिच्यावरच कुलूप. रोशनकचा हात कॅमेऱ्याच्या बटणाकडे गेला.

"चालू राहू दे. आत स्पिरिट आहे, ते आण. कापूसही."

"चेहरा निघून येईल त्याबरोबर. दुसरा फोटो नाही आपल्याकडे."

"तिनंही दारात विचारलं होतं. शब्द तिला दिलाय मी, तुला नाही."

स्पिरिटचा थंड वास नारिंगाच्या वासात मिसळला. तूरानने कडेपासून सुरुवात केली, बाळाचं कपाळ पुसावं तसं. कापूस गुलाबी झाला. मग लाल झाला. एक बट सुटली. दुसरी सुटली. कानाजवळ, रंगाबरोबर, गालाचा एक तुकडाही सुटला, नखाएवढा, आणि कापसावर राहिला.

तूरान थांबली नाही.

मग तिने निगेटिव्ह दोन बोटांत धरून उन्हाकडे उचललं. तुटक्या गालाची मेहरी, आणि तिच्याभोवती, खांद्यांवरून, चौकटीच्या काठापर्यंत, केस; नुसते केस; उजेडाचे, मोकळे, चाळीस वसंतांनंतरचे.

"आता घे हिला," तूरान म्हणाली. "जवळून घे."

फोटो काढला त्या सकाळी मेहरी उशिरा आली होती, आणि तिचे केस ओले, म्हणून मोकळे होते.