भट्टीवरची हजेरी

माझा वर्ग बघायचा तर मंगळवारी या. दुसऱ्या कुठल्या वारी येऊन नाकं मुरडलीत तर मी भांडेन, आधीच सांगून ठेवते.

अक्रा शहरात, समुद्राला लागून असलेल्या सरकारी शाळेत मी बावीस वर्षं गणित शिकवतेय. आम्हा गा जमातीच्या लोकांत मंगळवारी होडी पाण्यात घालत नाहीत. तो समुद्राच्या विश्रांतीचा दिवस. त्यामुळे मंगळवारी माझ्या नववीत चौसष्ट पोरं, एकेका बाकावर चार-चार. बुधवारी मासळी येते आणि त्यातली एकोणीस जण आयांबरोबर भट्ट्यांवर जातात, मासळीला धुरी द्यायला. ती थेट पुढच्या मंगळवारीच उगवतात. म्हणून जे जे अवघड, ते मी मंगळवारी शिकवते. समीकरणं मंगळवारी, भूमिती मंगळवारी. इतर दिवशी त्याचीच उजळणी. हे मला कुठल्या प्रशिक्षणात कोणी सांगितलेलं नाही, माझं मीच बसवलंय.

आणि अम्पोन्सा साहेब उगवले ते नेमके बुधवारी.

हे आमचे नवे तपासनीस, मूळचे कुमासीकडचे. तिकडे समुद्र नाही. आमच्याकडे बोर्डाची परीक्षा नववीलाच असते, आणि तिची यादी शुक्रवारी जायची होती. त्यांनी माझा हजेरीपट उघडला आणि खिशातून लाल पेन काढलं.

“मॅडम, ही एकोणीस नावं निम्मे दिवससुद्धा हजर नाहीत. नियमाप्रमाणे कापतो.”

“कापतो म्हणजे? भेंडी आहे का ती?”

“आठवड्यातून एकदा येणारी पोरं बोर्डात काय दिवे लावणार?”

नाव कापलं की विषय संपला. यंदा न बसलेलं पोर पुढच्या वर्षी परत आलंय, असं बावीस वर्षांत मी दोनदाच पाहिलंय. त्यात डेडेईचं नाव पहिलं होतं. तिच्यासारखं डोकं माझ्या वर्गात दहा वर्षांत आलं नव्हतं. माझं टाळकंच सटकलं.

“साहेब, ते पेन खिशात ठेवा. शाळा सुटली की माझ्याबरोबर भट्ट्यांवर चला. हवं ते विचारा त्यांना. नाही आलं तर मी स्वतःच्या हातानं नावं कापते.”

बोलून तर बसले. मंगळवारचं बुधवारी कितपत डोक्यात राहतं, हे मी तरी कुठे तपासलं होतं?

अडीचला आम्ही किनाऱ्यावर पोचलो. धुरानं साहेबांचे डोळे चुरचुरायला लागले. त्यांनी नाकाला रुमाल लावला तशी डेडेईची आई कडाडली, “अगं बाई, नाक झाकलंय! मक्याच्या केंकीबरोबर तळलेली मासळी हाणताना लावता का हो रुमाल?” सगळ्या बाया खो खो हसल्या. साहेबांनी मुकाट्यानं रुमाल खिशात घातला. मला बरं वाटलं.

“पोरं कुठायत?” मी विचारलं.

“असतील मागे,” दुसरी एक बाई म्हणाली. “ह्या वेळेला रोज मागेच असतात. आम्ही हाक मारत नाही, नाहीतर तुझी डेडेई आमच्यावरच ओरडते.”

शेवटच्या भट्टीमागे नारळाच्या सावलीत एकोणीसच्या एकोणीस जण बसले होते. हात मासळीचे, खवले चिकटलेले. शाळेतून नुकतीच पळत आलेली आमच्याच नववीतली एक मुलगी वही धरून उभी होती आणि डेडेई त्या वहीतून आज सकाळी मी फळ्यावर काढलेलं उदाहरण समजावत होती. माझ्याच आवाजात, माझ्यासारखीच कमरेवर हात ठेवून! “लोमोते, झोपायचं असेल तर घरी जा!” हे वाक्यसुद्धा माझंच.

मी जागच्या जागी उभी राहिले. मला यातलं काही म्हणजे काहीच माहीत नव्हतं.

साहेबांनी प्रश्न विचारले. पहिला सोपा, दुसरा अवघड, तिसरा तर मलाही कागद घ्यायला लावणारा. लोमोतेचं एक उत्तर चुकलं, तर शेजारचीनं त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि चूक कुठे झाली तेही सांगितलं. बाकी सगळं बरोबर. माझी मान अशी ताठ झाली, की दुखायला लागली.

“पण नियम हजेरीचा आहे,” साहेब म्हणाले. आवाज मात्र सकाळचा नव्हता.

“हजेरी आहे ना,” डेडेई म्हणाली. तिनं खोक्याचा एक मोठा पुठ्ठा पुढे केला. कोळशानं आखलेले रकाने, एकोणीस नावं, सोमवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार, थेट सत्राच्या पहिल्या आठवड्यापासून. आलेल्याला बरोबरची खूण, न आलेल्याला शून्य. शून्यं फारच थोडी.

साहेबांनी तो पुठ्ठा वरपासून खालपर्यंत वाचला. मग म्हणाले, “हा मी यादीला जोडतो. एकोणीसही नावं राहतील. वर कोणी विचारलं तर मी उत्तर देईन.”

बाया ओरडल्या, पोरांनी उड्या मारल्या. साहेब हसत पुठ्ठ्याच्या तळाशी बोट ठेवून म्हणाले, “मॅडम, हे एक विसावं नाव आहे. ह्याचं काय करायचं? एकही दिवस हजर नाही.”

मी वाकून बघितलं. ‘अफोले मॅडम.’ म्हणजे मीच. पुढे शून्य, शून्य, शून्य. सगळे रकाने शून्यांनी भरलेले.

माझा चेहरा पडलेला बघून डेडेई घाबरली. “मॅडम, रागावू नका. वर्ग म्हटला की मॅडमचं नाव लागतंच ना. कधी आलात तर असावं, म्हणून लिहिलं होतं.”

मी डोळे पुसले. डोळ्यांत धूर गेला म्हणावं तर तेही खोटं झालं असतं.

तिनं कोळसा उचलला, आजच्या रकान्यावर टेकवला आणि अख्ख्या वर्गासमोर खणखणीत आवाजात माझं नाव पुकारलं.

“हजर!” मी ओरडले, आणि लोमोतेच्या शेजारी जाऊन वाळूत बसले.