दंडाहून बारीक

"दंडाहून बारीक खोड असेल ते मोजायचं नाही, शैलजा. नियम म्हणजे नियम!" तीस वर्षांपूर्वीचा हा आवाज माझ्या पुसट आकड्यांत अजून घुमतो.

मित्रांनो, मी झाडांचा घेर मोजणारी एक जुनी फीत आहे. कारखान्यातून निघाले ती अमेरिकेतल्या वेस्ट विंडसर गावच्या मोरेश्वरकाकांच्या खिशात आले. काका जंगलाचे अभ्यासक. घरामागच्या रानाचा एक तुकडा त्यांनी निवडला. तिथे कुणी हात लावायचा नाही, नुसतं बघायचं. दर ऑक्टोबरात मी खोडांना मिठी मारायची, काका आकडा सांगायचे, शैलजाकाकू वहीत लिहायच्या.

तेव्हा ते रान नांदतं होतं. वर ओक-हिकरीच्या उंच झाडांचं छप्पर, मधल्या माडीवर डॉगवुडची फुलं, खाली व्हायबर्नमची झुडपं आणि भुईवर ओकची वीतभर पोरं. पणजोबांपासून तान्ह्यांपर्यंत सगळी एका घरात!

थोरले ओक जाड होत गेले. काकांचं कौतुक झालं, माझंही. पण हरणं वाढली होती. ती खालचे मजले कुरतडत गेली. जे माझ्या मिठीत आलं नाही, ते वहीत आलं नाही. जे वहीत आलं नाही, ते गेलं तरी कुणी रडलं नाही.

"अहो, ह्या ओकांची पोरं दिसत नाहीत. सगळी कॉलेजच्या डॉर्ममध्ये राहायला गेली की काय?" काकू विचारायच्या.

"पुढचा नंबर लिही," काका म्हणायचे.

मग काकांचे गुडघे गेले आणि मी गॅरेजात बर्फाच्या फावड्याशेजारी पडून राहिले. परवाच्या वादळात सर्वांत थोरला ओक कोसळला, तेव्हा काकांनी मला बाहेर काढलं. रानाचं छप्पर फाटून ऊन भुईपर्यंत आलं होतं. पण त्या उन्हाकडे धावणारं कुणीच नव्हतं. नुसतं हरणांनी नाकारलेलं गवत.

काकूंना एक रोप सापडलं, बोटाएवढं, शेंडा खाल्लेलं. त्यांनी मला पुढे केलं. "मोजा."

"नियमात बसत नाही गं."

"मोजा तरी!"

माझी पितळी कडीसुद्धा त्याला जड झाली. मित्रांनो, उंचाचं कौतुक जरूर करा, पण वेळेवर खाली वाका. मला ते जमलं नाही.

काका पडलेल्या खोडावर बसले. मला बोटाभोवती गुंडाळत, सोडत राहिले.

"वीस वर्षं दिसत होतं मला, शैलजा. कुंपण घातलं असतं, तर माझा अभ्यास बिघडला असता. म्हणून बोललो नाही."