चावडीपुढच्या विहिरीची कप्पी

मी एक जुनी कप्पी आहे, चावडीपुढच्या विहिरीवरची. अंगावर गंज चढलाय, एक कड झिजलीय आणि फिरताना मी कुरकुरते. लोकांना वाटतं, वय झालं म्हणून. तसं नाही मित्रांनो, मी तरणी होते तेव्हाही कुरकुरतच होते.

बार्शीच्या भट्टीत माझा जन्म झाला आणि बैलगाडीत बसून मी भूमजवळच्या या गावात आले. मराठवाडा तेव्हा नुकताच मुंबई राज्यात गेला होता. गावात नारूचा रोग फार. दोऱ्यासारखा लांब जंत पायातून बाहेर येई, आणि तो काडीला गुंडाळत माणूस महिनाभर पडून राही. ओढ्याकाठच्या बारवेत बायका पायऱ्या उतरून पाण्यात उभ्या राहत, तिथूनच तो पसरे. हरणाबाईच्या टाचेत तो निघाला ऐन पेरणीत. घरात दुसरं करणारं कुणी नाही. त्या साली तिचं रान तसंच राहिलं.

नारू घालवायला सरकारनं अनुदान दिलं. अट एकच, डॉक्टर, मास्तर आणि गवंडी यांनी मिळून काम करायचं. उत्तरेश्वर डॉक्टर दर बुधवारी औषधाची पेटी घेऊन येऊ लागले. शब्बीर मास्तर लोकांना शिकवू लागले. चन्नबसप्पा गवंड्यानं नव्या विहिरीला कठडा बांधला आणि मला टांगलं, म्हणजे पाण्यात पाय न घालता वरूनच पाणी ओढता यावं. तिघांनी आपापलं काम चोख केलं. ‘मिळून’ म्हणजे काय, ते मात्र कुणीच कुणाला विचारलं नाही. माझ्यापुढं नारळ फुटला, कौतुक झालं. दुसऱ्या दिवशी बायका घागरी घेऊन माझ्यासमोरून सरळ बारवेकडं गेल्या. हरणाबाईसुद्धा, लंगडत.

दिवाळीनंतर मोठे साहेब बघायला येणार होते. विहीर वापरात नसली तर अनुदान बंद, म्हणजे डॉक्टरांची बुधवारची फेरीही बंद. आणि हरणाबाईची टाच अजून भरली नव्हती.

तिघं माझ्याखाली उभं राहून भांडले. डॉक्टरांचं म्हणणं, मास्तरांनी नीट शिकवलं नाही. मास्तरांचं म्हणणं, कठडाच उंच झाला. चन्नबसप्पाचं म्हणणं, औषधाच्या वासानं बायका पळतात. तेवढ्यात हरणाबाई आणि तिची शेजारीण चाँदबी बारवेवरून आल्या. हरणाबाईच्या टाचेची पट्टी ओली चिंब होती.

डॉक्टर हताश होऊन म्हणाले, “हरणाबाई, या कप्पीत काय खोट आहे ते तरी सांगा.”

“कप्पी लई चांगली हाय, डॉक्टरसाहेब. पर बसावं कुठं?”

“पाण्याला यायचं का बसायला?”

चाँदबी हसली. “घरात सासू, रानात मालक, आन् हितं समोर चावडीतले बाप्ये बघत बसणार. बारवेच्या पायरीवर घडीभर कुणी बघत न्हाय आमाला.”

तिघांनी वळून चावडीकडं पाहिलं. मग चन्नबसप्पा म्हणाला, ओटा बांधू आणि चावडीच्या अंगाला आडभिंत घालू. पण अनुदानात ओट्याला जागाच नव्हती. डॉक्टर म्हणाले, पट्ट्या बांधायला मला बसकण हवीच आहे, ओटा औषधाच्या खात्यात घाला. मास्तर म्हणाले, आडभिंतीवर मी नारूचं चित्र काढतो, म्हणजे भिंत शिकवण्याच्या खात्यात.

“चित्र कुठल्या बाजूला?” चन्नबसप्पानं विचारलं.

“चावडीच्या.”

झालं. बाप्ये उठता-बसता नारू बघू लागले आणि भिंतीअलीकडं बायका निवांत बसू लागल्या. बारवेच्या वाटेवर गवत माजलं.

साहेब आले तेव्हा ओट्यावर गप्पा अशा रंगल्या होत्या की त्यांच्याकडं कुणी बघेना. माझा आवाज ऐकून ते म्हणाले, हिला तेल घाला. हरणाबाईनं पदर सावरला.

“तेल नगा घालू, सायेब. ही कुरकुरली की घराघरात कळतंय, कुणीतरी आलंय. मग आमी निघतो.”

साहेब हसले. अनुदान चालू राहिलं, बुधवारही चालू राहिला. पुढच्या पेरणीला हरणाबाई चाड्यावर बियाण्याची मूठ धरून पाभरीमागं पेरत चालली, दोन्ही पाय टेकवून.

आता विहिरीवर इंजिन आहे आणि टाकीला तोट्या आहेत. माझा दोर गेला. भिंतीवरचा नारूही पावसानं धुऊन नेला. माझ्यावर चिमण्या बसतात. ओटा मात्र रोज भरतो. हरणाबाई आली की हात वर करून मला एक रिकामा फेरा देते. मी कुरकुरते, आणि गल्लीतली दारं उघडू लागतात.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना गंजू देऊ नका. मलाही कधीतरी तेलाचं बोट लावा. पण एकच बोट हं. अगदी मुकी करू नका.