वरचं कोर्ट

“एकेक नाव चावून म्हण गं, गिळू नकोस.”

कंद सोलता सोलता आई सांगायची. पंचेचाळीस वर्षांनी तो आवाज मोदेस्ताला बेटांच्या राजधानीत, होनिआराच्या कोर्टात ऐकू आला, कारण समोर उभा राहून तिचा धाकटा भाऊ बेनेडिक्ट आजी-पणजीची तीच नावं गिळत होता. जमीन आईकडून लेकीकडे येते. बोलायला मात्र पुरुष उभा राहतो.

नदीकाठची बाग शेजारच्या कुळातल्या लुसिआनाची, असं गावच्या मुखियांनी आंब्याखाली बसून सांगितलं होतं. त्या बागेत त्यांचे पाय मळलेले होते, म्हणूनच बेनेडिक्टला ते अडाणी वाटले. मग स्थानिक कोर्ट. तिथल्यांनी नदी नकाशात पाहिली आणि बाग बेनेडिक्टला दिली. आता म्हातारी लुसिआना जमिनीच्या अपील कोर्टात आली होती. हरली तर तिचं घर जाणार, दोन लेकींची शेतंही. दर पायरीला खुर्च्या उंच होत गेल्या होत्या आणि माती दिसेनाशी झाली होती.

सुट्टीत बेनेडिक्टनं सुपारीची लाल पिंक टाकली.

“इथे हरलो तरी वर हायकोर्ट आहे, ताई.”

“तिथे काय विचारतात?”

“फक्त कायदा. काय घडलं ते तिथे कुणी विचारत नाही. ते इथेच संपतं.”

“म्हणजे खास तुझ्यासाठीच बांधलंय.”

“तू फक्त मान हलव.”

दुपारी लुसिआना उभी राहिली. “माझ्या आईनं रीतीप्रमाणे डुक्कर दिलं. यांच्या आईनं ते घेतलं. घेतलं म्हणजे जमीन दिली.”

“तुमच्याशिवाय पाहिलेलं कोण आहे?” अध्यक्षांनी विचारलं.

“सगळे मेले.”

“डुक्करसुद्धा,” बेनेडिक्ट म्हणाला.

खोली हसली. अध्यक्षही ओठ दाबून हसले. लुसिआना तेवढी आपल्या पायांकडे बघत राहिली.

“आणखी कुणाला काही सांगायचंय? यापुढे सांगता येणार नाही,” अध्यक्ष म्हणाले.

मोदेस्ता उठली. बेनेडिक्टनं तिचा झगा ओढला.

“ताई, बस खाली. बायका बोलत नाहीत.”

तिनं झगा सोडवून घेतला.

“तू तेव्हा आईच्या पोटात होतास. डुक्कर आमच्याच दारात कापलं.” मग ती उंच खुर्च्यांकडे वळली. “काळीज मला दिलं होतं. मी ते खाल्लंय.”